विश्लेषण : सौरपंप आले, विहिरीतल्या पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

शेतीला दिवसा वीज मिळावी, ही मागणी रास्तच होती. रात्री दारे धरायला जायचे म्हणजे साप-विंचू आलेच, जुन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात बिबट्याही. त्यामुळे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चे १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट स्वागतार्ह आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के रक्कमच भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे वीज मोफत. ऊर्जा आणि हवामान या दोन्ही खात्यांच्या हिशेबात ही जमेची बाजू. भूजलाच्या वहीत मात्र ती कुठे मांडायची, हे अजून ठरलेले नाही.

ऊन फुकट, पाणी कुणाचे?

राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. एकाने जास्त उपसले की शेजारची विहीर तळ गाठते. आजवर भारनियमन आणि वीजबिल हे या उपशावरचे न ठरवलेले लगाम होते. सौरपंपाला दोन्ही नाहीत. ऊन आहे तोवर पंप चालतो आणि पाण्याच्या प्रत्येक जादा थेंबाचा खर्च शून्य.

सरकारला हे ठाऊक नाही, असे नाही. केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अतिउपशाच्या भागात जुन्या डिझेल पंपाच्या जागीच सौरपंप द्यावा, तोही सूक्ष्म सिंचनासह, अशी अट आहे. पण पंप बसल्यावर काय? शेतातल्या विहिरीला पाण्याचा मीटर नसतो. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. शेती व उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना त्यात मनाई आहे. मराठवाड्यात सहाशे फुटांचे बोअर घेतलेल्या कुणालाही हे सांगून पाहा, तो हसेल.

म्हणूनच सुटा पंप वाटण्यापेक्षा फीडरच सौरऊर्जेवर नेणे अधिक शहाणपणाचे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, तास मर्यादित राहतात आणि पंप थांबल्यावर उरलेली वीज वाया जात नाही. जिथे वाहिनी पोहोचणे अवघड, तिथे सुटा पंप जरूर द्यावा. उद्घाटनाच्या छायाचित्रात मात्र पंपच शोभून दिसतो, ही अडचण आहे.

एका युनिटमागे किती पाणी?

कोळशाच्या विजेलाही पाणी लागतेच. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना प्रति युनिट साडेतीन लिटरची मर्यादा घातली. त्याच वर्षी जुलैत परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद पडले होते. पुढच्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

यावर उपाय राज्यातच सापडला आहे. नागपूर महापालिका भांडेवाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी ‘महानिर्मिती’च्या कोराडी केंद्राला देते. त्यामुळे तेवढे ताजे पाणी वाचते आणि सांडपाणी नदीत सोडायचा खर्च न राहता महापालिकेच्या उत्पन्नाचे साधन बनते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी हेच पाणी वापरावे, असे २०१६ चे केंद्रीय वीजदर धोरण सांगते. मग प्रत्येक शहराच्या सांडपाणी प्रकल्पाच्या आराखड्यात आधी ग्राहक आणि नंतर टाकी, असा क्रम का नसावा?

त्याच कोराडीची दुसरी बाजूही आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राख नदी-नाल्यांतून कन्हानपर्यंत गेली. कचरा धोरणाची चर्चा आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीपाशी येऊन थांबते. राखेसारखा कचरा तिच्यात फारसा येत नाही.

मग अग्रक्रम कोणता?

आधी पाण्याचा ताळेबंद, मग पंप. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पिके ठरवते. शेतीसाठी बोअरवेलला आणि उसासारख्या पिकांना तिथे बंदी आहे. अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्ह्यांत गावांचे ताळेबंद तयार करण्याचे काम झाले. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावरून महावितरणच्या अर्जापर्यंत पोहोचले पाहिजेत. ज्या गावात उपसा पुनर्भरणाहून जास्त, तिथे ठिबकशिवाय नवा पंप मंजूर होऊ नये. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ऊर्जा खाते आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांनी एकमेकांची आकडेवारी पाहूनच अर्जावर सही करावी, एवढेच पुरे.