सरड्याची धाव... बल्बपर्यंत!

‘अगं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. किडे टाकायचे, पाणी फवारायचं आणि लाइटला हात लावायचा नाही. बस्स!’

दादाने इतकं सोपं करून सांगितलं होतं. आणि मी नेमका लाइटलाच हात लावला.

झालं असं, की एका जानेवारीत मी न्यू जर्सीला, एडिसनमध्ये मावसभावाकडे गेले होते. दादा-वहिनी फ्लोरिडाला फिरायला गेले आणि घर, फ्रीजमधली आमटी आणि रंगराव माझ्या ताब्यात आले. रंगराव म्हणजे दादाचा शॅमेलिऑन. जात व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा. डोक्यावर पगडीसारखा तुरा, दोन डोळे दोन दिशांना आणि चेहऱ्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीचे भाव!

बाहेर कडाक्याचा बर्फ, घरात हीटर २० डिग्रीवर. पहिल्या सकाळी बघते तर रंगराव एकदम काळपट. मी डोंबिवलीची पोरगी, मला दोन स्वेटरमध्येही हुडहुडी भरलेली. मग या बिचाऱ्याचं काय होत असेल? त्याच्या उंच, जाळीच्या पिंजऱ्यावर वीतभर अंतरावर एक बल्ब स्टँडला टांगलेला होता. मी तो खाली घेतला आणि सरळ जाळीवरच ठेवून दिला. घे बाबा ऊब!

रंगराव जाम खूश. फांदी सोडून वरच्या जाळीला उलटा लटकला, तुरा बल्बपासून जेमतेम दोन बोटांवर. दुपारी बघते तर अंग फिकट पडलेलं आणि तोंड उघडं. मी फोटो काढून दादाला पाठवला, ‘बघ, कसा हसतोय!’

लगेच फोन वाजला. ‘लाइट बंद कर. आधी बंद कर, मग बोल!’

तो हसत नव्हता, भाजत होता. सकाळचा काळपट रंग म्हणजे ‘मी गार आहे, ऊन गोळा करतोय.’ गडद अंग उष्णता जास्त शोषतं, म्हणून रोज सकाळी तो तसाच दिसतो. त्यात काळजी करण्यासारखं काही नसतं. फिकट अंग आणि उघडं तोंड म्हणजे ‘आता पुरे!’ बिचारा दोन्ही वेळा स्पष्ट सांगत होता. मलाच ती भाषा येत नव्हती.

पण मग चटका बसताना तो बाजूला का झाला नाही? मलाही हाच प्रश्न पडला होता. दादाने समजावलं. सूर्य अख्खं अंग हळूहळू तापवतो. बल्ब मात्र जवळून एवढासाच तुकडा तापवतो. आतलं शरीर अजून गारच असतं, त्यामुळे प्राणी ऊब मिळवत तिथेच थांबतो आणि तोवर वरची कातडी भाजून निघते. तिसऱ्या दिवशी तुऱ्यावर काळा डाग उमटला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मलम मिळालं. डॉक्टरांनी सांगितलं, की अशा भाजण्याचे डाग बऱ्याचदा काही दिवसांनीच दिसतात. मी त्या रात्री वहिनीच्या किचनमध्ये बसून चक्क रडले.

दादा परत आला, तेव्हा ओरडला नाही. त्याने मला पिंजऱ्यासमोर बसवलं आणि एकेक गोष्ट दाखवली. मुख्य फंडा एकच : प्राण्याला ऊब द्यायची नाही, ऊब निवडायची सोय द्यायची. वरच्या फांदीवर दिवसा साधारण २९ ते ३२ डिग्री सेल्सिअस, खाली पानांच्या सावलीत २२ ते २५. गार वाटलं की वर जा, गरम झालं की खाली या. मी अतिप्रेमाने वरचा मजला तवा करून टाकला होता!

आणि रात्री? रात्री काहीच नको. लाल बल्ब नको, निळा नको. अंधार हवा आणि थोडा गारवा हवा. २० डिग्रीचं घर त्याच्यासाठी मस्त. तळाशी हीट मॅट किंवा ‘गरम दगड’ही नको. हा झाडावरचा प्राणी, त्याच्या डोक्यात ऊन वरूनच येतं.

बल्बशेजारी एक लांब ट्यूब होती. ती उबेसाठी नाही, यूव्हीबी किरणांसाठी. या किरणांमुळे त्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल, तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडून वाकतात. खिडकीतलं ऊन चालत नाही, कारण काच हे किरण अडवते. आणखी एक गोची म्हणजे ट्यूब जुनी झाली तरी छान पेटलेली दिसते, पण यूव्हीबी मात्र कमी होत जातं.

आता तुम्ही म्हणाल, सही आहे, आपणही एक आणू या. थांबा! आपल्याकडे रानात दिसणारा शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्हा. परदेशी जातींसाठीही २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम आहेत. ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी घरात असतील, तर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. व्हेल्ड शॅमेलिऑन त्या यादीत आहे. दुकानदार ‘कागदाचं नंतर बघू’ म्हणाला, तर सरळ बाहेर पडा.

पण तुमचाही एखादा दादा परदेशात असेल आणि पिंजऱ्याची किल्ली तुमच्या हातात ठेवून फिरायला निघत असेल, तर हे कापून फ्रीजवर लावा :

* बल्ब कायम जाळीच्या बाहेर आणि वर. पिंजऱ्यात कधीच नाही. प्राणी जाळीला लटकला तरी चटका बसणार नाही इतकं अंतर हवं.
* नुसत्या चिमट्यावर भरवसा नको. चिमटा सुटला की बल्ब खाली आणि घराला आग. साखळीचा दुसरा आधार हवाच. होल्डर सिरॅमिकचा.
* तापमान अंदाजाने नाही, प्रोबवाल्या डिजिटल थर्मामीटरने मोजा. तेही प्राण्याची पाठ जिथे येते तिथेच. जमल्यास बल्बला थर्मोस्टॅट लावा.
* दिवे टायमरवर, १२ तास चालू, १२ तास बंद.
* रोज पाणी फवारता ना? मग वायर प्लगकडे नेताना मध्ये खाली झोका द्या. थेंब तिथूनच टपकेल, प्लगपर्यंत जाणार नाही.
* अंग फिकट आणि तोंड उघडं दिसलं, तर फोटो नंतर. आधी बल्ब बंद!

रंगराव बरा झाला. तुऱ्यावर एक छोटा पांढुरका डाग तेवढा राहिलाय. व्हिडिओ कॉलवर दादा मुद्दाम त्याला कॅमेऱ्यासमोर आणतो आणि म्हणतो, ‘बघ, आत्या आली!’

आपण उगाच लबाड माणसाला सरड्याची उपमा देतो. हा गडी तर रंग बदलून खरंच सांगत होता. ऐकायला मीच कमी पडले.