बाळ कुणाच्या मांडीवर?

एक चित्र बघा. छान हॅट घालून, नटूनथटून एक बाई घराबाहेर पडतेय. आत नवरा बसलाय, त्याच्याकडे दोन रडणारी बाळं, आणि चेहरा असा की कुणी जन्मठेपच सुनावलीय. शीर्षक आहे, 'मतदानाचा दिवस'.

तुम्ही म्हणाल, इलेक्शनच्या सीझनमध्ये ग्रुपवर फिरलेलं एखादं मीम असेल. पण हे चित्र १९०९ मधलं आहे, अमेरिकेतलं. काढणाऱ्याचं नाव ई. डब्ल्यू. गस्टिन. तेव्हा अमेरिकेत फक्त चार राज्यांमध्ये बायकांना पूर्ण मताधिकार होता. म्हणजे बाकीच्या देशात जे अजून घडलंच नव्हतं, त्याची टिंगल आधीच छापून तयार होती.

शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर आत्ता का बोलायचं? कारण विषय जुना झालेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी एक बातमीचा व्हिडिओ रीपोस्ट केला. त्यात एका चर्चशी जोडलेले धर्मगुरू शांतपणे सांगत होते की बायकांचा मताधिकार काढून घेतला तरी चालेल, मत 'कुटुंबाचं' असावं आणि ते साधारणपणे घरातल्या पुरुषाने द्यावं. नंतर पेंटागॉनने खुलासा केला की मंत्रिमहोदयांना स्त्रियांचा मताधिकार मान्य आहे. बरं झालं, खुलासा आला! पण २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधीही हीच हवा होती. फक्त पुरुषांनी मतदान केलं तर नकाशा कसा दिसेल, हे कुणीतरी दाखवलं आणि 'एकोणिसावी दुरुस्ती रद्द करा' असा हॅशटॅग ट्रेंड झाला. ही तीच दुरुस्ती, जिने १९२० मध्ये अमेरिकन स्त्रियांना मत दिलं. अर्ध्या लोकांनी तो हॅशटॅग संतापून वापरला, काहींनी 'अरे, जोक आहे' म्हणून. हे 'जोक आहे' प्रकरण नेमकं कसं चालतं, ते बघायचं तर जुनी व्यंगचित्रं उघडावीच लागतात.

सुरुवात लंडनच्या 'पंच'पासून करू. १८४१ मध्ये निघालेलं हे विनोदी साप्ताहिक तेव्हाच्या सुशिक्षित इंग्रजांचं इन्स्टाग्राम होतं म्हणा ना. १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेत मतदारांची यादी वाढवणारा कायदा चर्चेत होता. तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी एक साधी दुरुस्ती मांडली. कायद्यात जिथे 'पुरुष' लिहिलंय, तिथे 'व्यक्ती' लिहा. बस, एक शब्द. संसदेत त्याच्या बाजूने ७३ मतं पडली, विरोधात १९६. मतदानाच्या जवळजवळ दोन महिने आधीच 'पंच'मध्ये जॉन टेनिएल यांचं चित्र येऊन गेलं होतं (हो, 'ॲलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढणारे तेच टेनिएल). मिल बायकांच्या घोळक्याला वाट करून देतायत आणि 'या... अं... व्यक्तींना' जाऊ द्या असं अडखळत म्हणतायत. सगळा विनोद त्या अडखळण्यात. बाईला 'व्यक्ती' म्हणणं हाच जोक.

पुढच्या पन्नास वर्षांत 'पंच', अमेरिकेतले 'पक', 'जज', 'लाइफ' आणि ढीगभर पोस्टकार्डं यांनी हा विषय पिळून काढला. मी त्यातली जमतील तेवढी बघितली. एक गोष्ट पटकन लक्षात येते. विषय मताधिकाराचा, पण चित्रात मतपेटी क्वचितच दिसते. बाईने मत दिलं तर कर वाढतील का, युद्ध होईल का, सरकार कुणाचं येईल, यावर बहुतेक चित्रं बोलतच नाहीत. ती बोलतात स्वयंपाकघरावर. न्यूयॉर्कच्या डन्स्टन-वाइलर लिथोग्राफ कंपनीने १९०९ मध्ये मताधिकाराच्या विरोधात १२ रंगीत पोस्टकार्डांचा संच काढला. त्यातल्या एकात बाळाला बाटलीने दूध पाजणारा पुरुष आहे, डोक्यामागे प्रभावळ, अगदी चर्चमधल्या मदर मेरीच्या थाटात. चित्र खरं तर गोड आहे. आज एखाद्या बाबाने असा फोटो टाकला तर खाली लाल हार्ट्सचा पाऊस पडेल! तेव्हा मात्र तेच चित्र भीतिदायक म्हणून विकलं जात होतं.

माझ्या मते या सगळ्या व्यंगचित्रांचा खरा प्रश्न एकच होता, बाळ कुणाच्या मांडीवर? मत वगैरे निमित्त. घरातलं फुकटचं काम कुणीतरी करतंय म्हणून समाज सुरळीत चाललाय, हे चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. एका दुपारपुरती बाई बाहेर गेली तर घर कोलमडतं, हे ते स्वतःच काढून दाखवत होते. विरोधकांनीच घरकामाची किंमत इतक्या तपशिलाने मांडावी आणि तीही त्यांच्या लक्षात येऊ नये, हा त्यातला सगळ्यात भारी विनोद.

दुसरी युक्ती बायकांना दोन गटांत वाटण्याची. जानेवारी १९०६ मध्ये 'पंच'मध्ये बर्नार्ड पार्ट्रिज यांचं चित्र आलं. एक बाई झेंडा घेऊन किंचाळतेय, दुसरी नीटनेटक्या कपड्यातली समंजस बाई तिला अडवतेय आणि सुनावतेय की तूच आपल्या चळवळीची सगळ्यात मोठी शत्रू आहेस. म्हणजे मताधिकाराला विरोध नाही हं, फक्त मागायची पद्धत चुकतेय! 'मी समानता मानतो, पण या फेमिनिस्ट फार आरडाओरडा करतात' ही कमेंट तुम्ही किती वेळा वाचलीय? तिची आजी ही. त्याच वर्षी 'डेली मेल'ने लढाऊ बायकांना हिणवायला 'सफ्रजेट' हा शब्द काढला. शेपटाला 'एट' लावलं की वस्तू छोटी आणि फालतू होते. पण त्या बायका पण कमी नव्हत्या. त्यांनी तो शब्द उचलला आणि १९१२ मध्ये आपल्या वृत्तपत्राचं नावच ठेवलं, 'द सफ्रजेट'.

आता जरा थांबा, कारण इथे हसू थांबतं. पोस्टकार्डांच्या या लाटेत काही चित्रं अशी होती की बाईचं तोंड कुलूप घालून बंद केलंय किंवा जीभ चिमट्यात धरलीय. गंमत म्हणून. आणि सप्टेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात उपोषण करणाऱ्या सफ्रजेट कैद्यांना नळीने जबरदस्तीने अन्न घालायला सुरुवात झाली. बाई धरून ठेवायची, तोंडातून किंवा नाकातून नळी घालायची. पोस्टकार्डामुळे तुरुंगाने हे केलं, असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी ते कुलूपवालं कार्ड हसत हसत भावाला पाठवलं, त्यांना नळीची बातमी किती टोचली असेल? ट्रोलिंगबद्दल 'इग्नोर कर ना' असा सल्ला मिळतो तेव्हा मला ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीशी वाटतात.

सगळी टिंगल पुरुषांचीच होती असं समजू नका. १९१२ मध्ये 'लाइफ'मध्ये लॉरा फॉस्टर या बाईंनी काढलेलं चित्र आलं. एक तरुणी जिना चढतेय. प्रेम, लग्न, मुलं, घर अशा पायऱ्या मागे पडल्यात, पुढे करिअर, मताधिकार, चिंता, एकटेपणा आणि अगदी वर प्रसिद्धी. ती मागे वळून बघतेय. आजचं रील आठवलं ना? तिशीतली मुलगी, हातात लॅपटॉप, बाजूला मांजर, पार्श्वभूमीला उदास गाणं. या चित्रात शिवी नाही, किंचाळणारी बाई नाही, म्हणूनच ते जास्त चावतं. आणि खोटं बोलायचं नाही, त्यातली चिंता अनेक मुलींना खरीच वाटत असणार. फक्त पुरुषांसाठी असा जिना कुणी काढला नाही. त्यांना प्रसिद्धीच्या पायरीवर घर सोबत नेता येत होतं.

उत्तरं कशी आली, हा भाग मला सगळ्यात आवडतो. ब्रिटनमध्ये १९०७ मध्ये 'आर्टिस्ट्स सफ्रज लीग' आणि १९०९ मध्ये 'सफ्रज ॲटेलिए' हे चित्रकारांचे गट उभे राहिले. त्यांचं एक पोस्टर फार नेमकं आहे. वरच्या ओळीत महापौर, नर्स, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, कामगार अशा बायका, ज्यांना मत नाही. खालच्या ओळीत गुन्हेगार, दारुडा वगैरे पुरुष, ज्यांचं मत शाबूत आहे. एकही शिवी नाही, फक्त दोन ओळी.

अमेरिकेत 'जज' साप्ताहिकाने १९१२ मध्ये 'द मॉडर्न वुमन' नावाचं पान सुरू केलं आणि त्यात लू रॉजर्स यांची चित्रं येऊ लागली. नाव वाचून पुरुष वाटेल, पण त्या ॲनी ल्युकास्टा रॉजर्स. त्यांच्या एका चित्रात दोरखंडाने आवळलेली बाई स्वतःच्या ताकदीने बंध तोडतेय. त्याच 'जज'मध्ये हॅरी पीटर हे चित्रकारही काम करायचे. पुढे १९४१ मध्ये त्यांनी एक सुपरहिरोइन काढली, जी गोष्टीगोष्टीला साखळदंड तोडते. वंडर वुमन! पुढच्या वेळी तो सिनेमा बघाल तेव्हा हे दोरखंड आठवा.

आणि 'पक'? या साप्ताहिकाने फेब्रुवारी १९१५ चा एक अंक चक्क मताधिकारवाल्यांच्या हाती दिला. मधल्या दोन पानांवर हाय मेयर यांचं 'जागृती' हे चित्र. हातात मशाल घेतलेली बाई पश्चिमेकडच्या राज्यांवरून पूर्वेकडे चालत येतेय आणि अंधारातल्या पूर्वेकडच्या बायका तिच्याकडे हात उंचावतायत. देखणं आहे, शंका नाही. पण त्या अंधारातल्या दक्षिणेतल्या काळ्या बायकांना १९२० नंतरही मतदान केंद्रावर अडवलं जात राहिलं, थेट १९६५ च्या कायद्यापर्यंत. मशाल सगळीकडे पोचली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स या चार राज्यांत पुरुष मतदारांनी मताधिकाराचा प्रस्ताव पाडला. चित्राने निवडणूक जिंकता येत नाही, हेही खरंच.

जानेवारी १९१८ मध्ये 'पंच'मध्ये एक भव्य चित्र आलं. चिलखत घातलेली, जोन ऑफ आर्कसारखी बाई विजयाचा झेंडा फडकावतेय, शीर्षक 'अखेर!'. चित्रकार कोण? तेच बर्नार्ड पार्ट्रिज, किंचाळणाऱ्या बाईवाले. बारा वर्षांत वारं फिरलं, ब्रशही फिरला. मधल्या काळात महायुद्ध झालं, बायकांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामं केली होती. पण त्या वर्षीच्या कायद्याने मत मिळालं फक्त तिशीच्या पुढच्या, मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांना. कारखान्यात राबलेल्या विशीतल्या पोरी बाहेरच. मी २२ वर्षांची आहे, मला तेव्हा मत नसतं. सगळ्यांसाठी २१ ही अट यायला १९२८ उजाडलं आणि त्याआधी 'डेली मेल'ने 'फ्लॅपर व्होट' म्हणून तरुण मुलींची यथेच्छ टर उडवलीच. आखूड केस, आखूड स्कर्ट, यांना कशाला हवं मत?

हे वारं आपल्याकडे यायला जहाजाचीसुद्धा गरज नव्हती, छापखाना पुरेसा होता. 'पंच'च्या धर्तीवर मुंबईत १८५४ मध्येच 'पारसी पंच' निघालं होतं, तेच पुढे 'हिंदी पंच' झालं. मुंबई इलाख्यात स्त्रियांना प्रांतिक कायदेमंडळासाठी मत मिळालं १९२१ मध्ये, तेही मालमत्तेची अट लावून. शं. वा. किर्लोस्करांसारखे संपादक स्वतः व्यंगचित्रकार होते आणि १९३० मध्ये त्यांनी 'स्त्री' मासिक काढलं, ही चांगली बाजू. लाटणं घेऊन दारात उभी बायको आणि भेदरलेला नवरा, हा दिवाळी अंकातला कायमचा भाडेकरू, ही दुसरी. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आसपास 'लाडकी बहीण'वरची फॉरवर्ड्स तुम्हीही बघितली असतील. दीड हजारात मत विकलं, नवऱ्याने आता काय करायचं, वगैरे. योजनेवर टीका जरूर करा. तिजोरीचं काय, महागाईचं काय, विचारा. पण शेतकऱ्याला कर्जमाफी मिळाली की तो 'हुशार मतदार' आणि बाईच्या खात्यात पैसे आले की ती 'विकली गेली', हा फरक कुठून आला?

त्या अमेरिकन धर्मगुरूंचं 'एका घराचं एक मत' ऐकून आपण हसू शकतो. पण महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण असताना 'सरपंच पती' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्याच मतदार यादीत काय झालं, ते बघा. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी नावं नोंदवताना लाखो स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असं नाव यादीत घ्यायला नकार दिला. सुमारे २८ लाख नावं कापली गेली. टीका झाली, पण ते हटले नाहीत. पुढच्या निवडणुकीच्या याद्या करताना नोंदणी करणारे पुन्हा दारात उभे राहिले, तेव्हा आतून बऱ्याच बायकांनी आपलं नाव सांगितलं.