रानडुकराच्या पोटातील हिशेब

कीव्ह येथील एका कंपनीने २००७ साली ‘स्टॉकर’ हा संगणकीय खेळ बाजारात आणला. त्याच्या काल्पनिक विश्वात चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्रात २००६ साली दुसरा उत्पात घडलेला आहे आणि तेथील विद्रूप झालेली रानडुकरे माणसावर चाल करून येतात. खेळणाऱ्याने नेम धरून गोळी झाडली की संकट टळते. या विश्वाचे मूळ स्त्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ सालच्या रशियन कादंबरीत आणि तिच्या आधारे तार्कोव्हस्की यांनी १९७९ साली काढलेल्या चित्रपटात आहे. माणसांना मज्जाव असलेला प्रदेश विज्ञानकथेने रंगविला, त्यानंतर काही वर्षांतच, २६ एप्रिल १९८६ रोजी, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तेव्हा विज्ञानकथा म्हणजे निव्वळ करमणूक, असे म्हणून तिला बाजूस सारणे शहाणपणाचे नाही. मात्र तिने रंगविलेले रानडुक्कर आणि वास्तवातील रानडुक्कर यांत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि सर्वसामान्य जनतेच्या हिताचा प्रश्न त्या फरकातच दडलेला आहे.

वास्तवातील रानडुक्कर विद्रूप झालेले नाही. माणसे निघून गेल्यावर चेर्नोबिलच्या परिसरात ते मुबलक वाढले. शेकडो कोस दूर, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील रानडुक्करही दिसावयास धडधाकट आहे. परंतु त्याच्या मांसात किरणोत्सर्गी सीझियम आहे. तेथील हरणांच्या मांसातील सीझियम कालांतराने घटले, रानडुकरांच्या मांसातील मात्र अपेक्षेप्रमाणे घटेना. याचे कारण त्यांच्या आहारात आहे. जमिनीखाली वाढणारी एक जातीची कवके ती उकरून खातात. वरून पडलेले सीझियम मातीत सावकाश झिरपत त्या कवकांत साठत राहते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याहून गंभीर गोष्ट उघड केली. बव्हेरियातील ४८ नमुन्यांपैकी ८८ टक्के नमुन्यांत किलोमागे ६०० बेकेरेल या कायदेशीर मर्यादेपेक्षा अधिक सीझियम आढळले, आणि त्यातील १२ ते ६८ टक्के वाटा चेर्नोबिलचा नसून अण्वस्त्रांच्या चाचण्यांचा होता. सुमारे एक चतुर्थांश नमुन्यांत तर एकट्या चाचण्यांचे सीझियमच मर्यादा ओलांडण्यास पुरेसे होते. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी १९६३ च्या करारानंतर वातावरणातील चाचण्या थांबविल्या. फ्रान्सने त्या १९७४ पर्यंत, चीनने १९८० पर्यंत चालू ठेवल्या. भांडवलशाही आणि साम्यवादी, दोन्ही गोटांतील सत्ताधीशांनी केलेल्या शक्तिप्रदर्शनाची राख आज त्या रानडुकराच्या पोटात एकत्र नांदत आहे.

मग या नुकसानीची किंमत कोण मोजतो? दूषित मांस विकता येत नाही. त्याबद्दल शिकाऱ्यांना भरपाई मिळते ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. ज्यांनी बॉम्ब उडविले त्यांच्या अंदाजपत्रकात या खर्चासाठी कधी एक रकानाही नव्हता. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या भाषेत सांगावयाचे तर एकाने उधारी करावयाची आणि दुसऱ्याच्या नातवाने ती फेडावयाची, असा हा व्यवहार आहे. सीझियमचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे. सरकारचे पाच वर्षांचे.

भारतात हा प्रश्न परका नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडाची जखम ताजी असतानाही २०१० च्या कायद्याने अणुप्रकल्प चालविणाऱ्याचे आर्थिक दायित्व १,५०० कोटी रुपयांवर सीमित केले होते. नुकसानीला मर्यादा घालणे कोणत्याही संसदेच्या हाती नाही. कायदा मर्यादा घालतो ती केवळ भरपाईला. तिच्या पलीकडचा भार कोकणातील मच्छीमाराने, शेतकऱ्याने आणि त्यांच्या पुढील पिढ्यांनी वाहावा, असा त्याचा अर्थ होतो.

विज्ञानाला विरोध करण्याचे येथे कारण नाही. रानडुकराच्या पोटातील हा हिशेब विज्ञानानेच मांडून दाखविला आहे. समाजवादी कार्यकर्त्यांचा आग्रह असावयास हवा तो खर्च प्रकल्पाच्या आरंभीच ताळेबंदात नोंदविला जावा, त्याचे दायित्व कोणावर हे ठरावे आणि ते कागदपत्र जनतेसमोर उघडे असावेत, असा. विजेचा दर युनिटला किती पडेल हे प्रकल्पाचे पुरस्कर्ते सांगू लागतील, तेव्हा गावसभेत उठून विचारावयाचा प्रश्न एवढाच आहे : या दरात पुढील शंभर वर्षांची राखण धरली आहे काय?