समाचाराला आलेले समाचारवाले

उत्तरेकडे बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांत जे शब्द चकवितात, त्यांत 'समाचार' हा एक आहे. आपल्याकडे समाचाराला जावयाचे ते दुखणेकऱ्याच्या घरी, किंवा ज्याच्या घरचे माणूस गेले त्याच्या घरी. इकडे समाचार म्हणजे वार्ता. आणि एखाद्याचा 'समाचार घेणे' म्हणजे काय, हे ज्याने वरिष्ठांच्या खोलीत बंद दाराआड कधी दहा मिनिटे काढली आहेत, त्यास सांगावयास नको. हे तिन्ही अर्थ एरवी आपापल्या जागी सुखाने नांदतात. परंतु एखादी नामांकित व्यक्ती निवर्तली की ते एकाच दारात एकमेकांवर आदळतात. लोक समाचाराला येतात, समाचारवाले समाचार मिळवावयास येतात, आणि समाचार घेतला जातो तो मात्र बिचाऱ्या शोकाकुल कुटुंबाचा.

समाचाराची आपली रीत काही साधीसुधी नाही. मनुष्य येतो, चपला बाहेर काढतो, गुपचूप बसतो. फार बोलत नाही. निघताना 'येतो' म्हणत नाही, नुसता उठून जातो. त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या घरून पिठलेभात येतो, आणि तो आणणारी बाईदेखील भांडे ठेवून मुकाट्याने परत फिरते. या रीतीच्या मुळाशी एक जाण आहे: दुःख ज्याचे, त्याचा त्या घरावर पहिला अधिकार. आलेला मनुष्य तेथे काही देण्यासाठी जातो. निदान आपली उपस्थिती देतो.

याच्या शेजारी 2025 सालच्या नोव्हेंबरातील प्रकार ठेवून पाहावा. चित्रपट अभिनेते धर्मेंद्र मुंबईत रुग्णालयात होते. दिनांक 11 रोजी सकाळी अनेक वृत्तसंस्थांनी व वाहिन्यांनी त्यांचे निधन झाल्याचे जाहीर करून टाकले. जबाबदार पदांवरील माणसांनी श्रद्धांजली वाहिली आणि मागाहून ती मुकाट्याने पुसून टाकली. ज्यांचे श्राद्ध चालले होते ते गृहस्थ जिवंत होते, उपचारांना प्रतिसाद देत होते. त्यांच्या पत्नीला व कन्येला तसे जाहीरपणे सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी ते घरी गेले, तर घराच्या दाराशी छायाचित्रकारांचा तळ पडलेला. त्यांच्या थोरल्या मुलाने हात जोडून, पण दात-ओठ खाऊन, त्या मंडळींना त्यांच्याही घरी आईबाप असल्याची आठवण करून दिली. रुग्णशय्येभोवती जमलेल्या कुटुंबाचे चित्रण कोणीतरी चोरून केले आणि तेही देशभर फिरले. पुढे 24 तारखेला धर्मेंद्र खरोखरच गेले. आगाऊ जाहीर सूचना नाही, अंत्ययात्रा नाही. विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीत त्याच दिवशी अंत्यसंस्कार उरकले गेले. ज्यांनी साठ वर्षे त्यांचे चित्रपट पाहिले, त्यांना शेवटचा नमस्कार करावयासही मिळाला नाही, म्हणून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. काहींनी कुटुंबाला दोषही दिला.

आम्हांला हा दोष मान्य नाही. कुटुंबाच्या मनात काय होते हे आम्ही जाणत नाही आणि जाणण्याचा आम्हांस अधिकारही नाही. परंतु ज्या घराने जिवंत माणसाचा मृत्युलेख दोन आठवडे आधी ऐकला, त्या घराने दार लावून घेतले तर त्याला बोल कोणत्या तोंडाने लावावयाचा? आमची तक्रार इथेच आहे, आणि ती नेहमीच्या तक्रारीहून निराळी आहे. माध्यमांच्या आगंतुकपणामुळे कुटुंबाला क्लेश होतात, हे सर्वच म्हणतात. पण त्यामुळे जनतेचेही काही लुटले जाते. कॅमेरा आत घुसतो म्हणून दार बंद होते. आणि दार बंद झाले की बाहेर राहतो तो कॅमेरा नव्हे, त्याला भिंतीवरून, झाडावरून, शेजारच्या गच्चीवरून वाट सापडते. बाहेर राहतो तो हातात चार फुले घेऊन आलेला सामान्य माणूस.

मृत्यूची खोटी वार्ता हा काही आजचाच रोग आहे असे नाही. आपणा दिल्लीकरांना तर तो विसरता येणार नाही, कारण त्याचे सर्वांत मोठे उदाहरण याच शहरात, तेही संसदेत घडले. 1979 सालच्या मार्च महिन्याची 22 तारीख. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची वार्ता सांगितली. आकाशवाणीने ती देशभर पोहोचविली. जयप्रकाशजी त्या वेळी मुंबईत जसलोक रुग्णालयात होते आणि हयात होते. त्यांचे निधन पाटण्याला त्याच वर्षी 8 ऑक्टोबर रोजी झाले. प्रमाद भयंकर खरा. पण त्याला एक चेहरा होता. कोणी सांगितले, कोणाच्या सांगण्यावरून सांगितले, हे विचारता येत होते आणि ज्याने सांगितले त्याला त्याच सभागृहात मान खाली घालून उभे राहावे लागले. 2025 साली वार्ता कोणी प्रथम दिली, हे आज विचारू गेल्यास प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवील. त्याने दिली म्हणून आम्ही दिली. आम्ही दिली नसती तर मागे पडलो असतो. मागे पडणे म्हणजे किती, तर दीड मिनिट!

आपण सरकारी नोकर दिरंगाईसाठी बदनाम आहोत. तथापि या एका बाबतीत आपल्या दिरंगाईचा आम्हांस अभिमान वाटतो. कार्यालयावरील राष्ट्रध्वज कोणाच्या म्हणण्यावरून अर्ध्यावर येत नाही. गृहमंत्रालयाची सूचना यावी लागते. आणि ती आल्यावरही तो एकदम अर्ध्यावर चढवीत नाहीत. प्रथम तो शिखरापर्यंत न्यावयाचा, क्षणभर तेथे ठेवावयाचा, मग अर्ध्यावर आणावयाचा. सायंकाळी उतरविताना पुन्हा एकवार शिखरापर्यंत नेऊन मगच खाली घ्यावयाचा, असा ध्वजसंहितेचा दंडक आहे. ज्याने कोणी हा नियम घडविला तो कारकुनी वृत्तीचा असेल, पण शोकालाही एक चाल असते हे त्याला ठाऊक होते.

यावर ठरलेले उत्तर येते: 'लोकांना पाहावयाचे असते.' या उत्तरात लबाडी आहे. लोकांना पाहावयाचे असते हे खरे; पण काय पाहावयाचे असते? 1956 सालच्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण येथे, 26 अलीपूर रोड या घरी झाले. पार्थिव विमानाने मुंबईस नेले गेले आणि 7 तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला. लाखोंचा जनसमुदाय लोटला होता. त्या लोकांना आपल्या बाबांचे मुख एकवार पाहावयाचे होते, चितेजवळ उभे राहावयाचे होते. आणि तेथेच हजारोंनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या पाहण्याला आपल्या भाषेत दर्शन म्हणतात. दर्शन घेणारा मान लववितो, पुढे सरकतो, मागच्याला जागा देतो. विधवेच्या चेहऱ्यावर झोत टाकून तिचे अश्रू मोठे करून दाखविणे, आणि तेच दृश्य दिवसातून चाळीस वेळा फिरविणे, हे दर्शन नव्हे. 'लोकांना पाहावयाचे असते' असे म्हणणारे दर्शनाच्या नावावर प्रदर्शनाची तिकिटे खपवितात.

अंत्यसंस्काराची वार्ताच देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. 1948 च्या जानेवारीत गांधीजींची महायात्रा बिर्ला भवनापासून यमुनेपर्यंत गेली, तेव्हा आकाशवाणीचे मेलव्हिल डि मेलो यांनी सुमारे सात तास तिचे धावते वर्णन केले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील लोक त्या एका आवाजाच्या आधाराने त्या यात्रेत चालले. त्यांचा तेथे कोणास अडथळा झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. उलट आदल्या रात्री बिर्ला भवनात, जेथे पार्थिव ठेवले होते त्या खोलीत, अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी कॅमेरा नेऊन चमकदिवा उडविला, तेव्हा तेथे बसलेली मंडळी संतापली आणि त्यांना बाहेर जावे लागले. त्याच दिवसांत आंरी कार्तिए-ब्रेसाँ हेही दिल्लीत होते. त्यांनी चमकदिवा न वापरता, गाजावाजा न करता चित्रे घेतली. बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून लोकांना वार्ता सांगणारे पंडित नेहरू आज आपल्या डोळ्यांपुढे आहेत ते त्यांच्यामुळे. दोघेही थोर कलावंत. पण दुःखाच्या घरात कसे वागावे हे त्या रात्री एकालाच उमगले होते.

आजच्या वाहिन्यांत चमकदिव्याचेच राज्य आहे. 2018 साली श्रीदेवी दुबईत न्हाणीघरातील टबात बुडून मरण पावल्या. शव मायदेशी येण्यास तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत वाहिन्यांनी टबाची चित्रे काढली, पडद्यावर त्यांत बाईंना निजविले, आणि एका वाहिनीचा वार्ताहर तर प्रात्यक्षिकासाठी स्वतःच टबात जाऊन पडला! अशा वेळी त्या कुटुंबाने जे केले ते आम्हांस फार शहाणपणाचे वाटते. लोकांना अंत्यदर्शनाचे आमंत्रण दिले, पत्रकारांनाही दिले. अट एकच, कॅमेरे व चित्रणाची साधने बाहेर ठेवून यावे. म्हणजे माणसाला दार उघडे, यंत्राला बंद. दर्शन आणि प्रदर्शन यांतला भेद एका ओळीच्या निवेदनाने स्पष्ट झाला. शासनाला जे सुचले नाही ते एका दुःखी घराला सुचले.

चार वर्षांनी, 6 फेब्रुवारी 2022 रोजी, शिवाजी पार्कवर लता मंगेशकरांना निरोप देताना शासनच यजमान होते. राजकीय इतमाम, राष्ट्रीय दुखवटा, पंतप्रधानांची उपस्थिती, सर्व काही यथासांग. तेथे अभिनेते शाहरूख खान यांनी पार्थिवाजवळ उभे राहून दोन्ही हात उचलून दुवा मागितली आणि रीतीप्रमाणे फुंकर घातली. शेजारी त्यांच्या सहकारी बाई हात जोडून उभ्या होत्या. लताबाईंच्या चितेपाशी याहून उचित दृश्य कोणते असणार? परंतु भिंगे इतकी जवळ रोखलेली होती की ती फुंकर कोणीतरी तेवढीच कापून काढली आणि 'थुंकला' अशी हाकाटी पिटली. चिता विझण्यापूर्वी देशात वाद पेटला. पुष्कळांनी तो खोटेपणा तिथल्या तिथे उघडा पाडला, हे त्यांचे ऋण. पण ज्या बाईंचे गाणे ऐकत आपल्या तीन पिढ्या वाढल्या, त्यांच्या निरोपाच्या संध्याकाळी लोक एका फुंकरीचा पंचनामा करीत बसले, ही नामुष्की कोणाची?

कायद्याकडे पाहावे तर तेथेही फारसा आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण तो हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसांकडे जात नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 साली म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 च्या निकालात, आत्महत्येच्या वार्ता देताना मृताच्या खासगी आयुष्यात शिरू नये, असे माध्यमांना बजावले खरे. बजावणे आणि ऐकणे यांतील अंतर आपण रोज फायलींत पाहतोच.

त्या ध्वनिक्षेपक घेऊन धावणाऱ्या पोराबद्दल आम्हांला राग नाही, हेही सांगून टाकतो. 'आपको कैसा लग रहा है?' हा प्रश्न तो काही हौसेने विचारीत नाही. त्याच्या कानात एक नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा वरिष्ठ असतो. वरून आलेला आदेश मूर्खपणाचा असला तरी पाळावा लागतो, हे दुःख आपल्या वाचकांना वेगळे समजावून देण्याचे कारण नाही. आणि सारा दोष वाहिन्यांच्या माथी मारून आपण समाजाला मोकळे सोडावे असेही नाही. पार्थिवाकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणारे महाभाग रांगेत आपल्याच पुढे-मागे असतात. गावोगावच्या श्रद्धांजलीच्या फलकांवर तर मृताची मुद्रा कोपऱ्यात आणि दुःखी कार्यकर्त्यांच्या हसऱ्या मुद्रा ठळक, अशी मांडणी असते. गेला कोण याचा उलगडा व्हावयास फलक खालपर्यंत वाचावा लागतो.

म्हणून आमची सूचना वाहिन्यांना नाही. ती आपल्याच मंडळींना आहे. शासकीय इतमामाने होणाऱ्या अंत्यसंस्काराची व्यवस्था कोण करते? मैदानाची आखणी, चौथऱ्याची उंची, कठड्यांचे अंतर, मान्यवरांचे कोच, पत्रकारांचा मंडप, हे सर्व कोणत्या तरी कार्यालयात कागदावर ठरते. संसदेच्या सभागृहात वाहिन्यांचे कॅमेरे शिरत नाहीत. संसदेची स्वतःची यंत्रणा चित्रण करते आणि सर्वांना तेच वापरावे लागते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे चित्रण दूरदर्शन करते आणि इतर वाहिन्या ते घेतात. त्यामुळे ना लोकशाही बुडाली, ना वार्ता अडली. मग राजकीय इतमामाच्या अंत्यसंस्कारालाही दूरदर्शनचे दोन-तीन कॅमेरे ठरावीक अंतरावर, कुटुंबाच्या बाजूस न वळणारे, आणि त्यांचेच चित्रण सर्वांना, अशी व्यवस्था का होऊ नये? पत्रकारांना बंदी नको; त्यांनी वही-पेन्सिल घेऊन खुशाल यावे. आणि अशा रीतीने जी जागा मोकळी होईल, ती कोचांना न देता रांगेला द्यावी.

हे अवघड आहे, वाहिन्या ओरड करतील, मंत्र्यांनाही आपली मुद्रा दिसली नाही तर रुचणार नाही, हे सर्व आम्ही जाणतो. परंतु चौथऱ्यापर्यंत जाण्याचा पास वाहिनीच्या मालकाच्या कचेरीत छापला जात नाही. तो आपल्याच एका शाखेतून निघतो, आणि त्यावर सही करणारा अधिकारी कित्येकदा आपल्या मंडळाचा सभासदही असतो.