गाडीचे बळ कोठे पाहावे?

निफाड किंवा दिंडोरीकडच्या बागाईतदाराच्या घरी नवी गाडी घ्यायची ठरली, की चर्चा रंगते ती अश्वशक्तीवर आणि ‘फोर व्हील’वर. द्राक्षांचे क्रेट न्यायचे, खताच्या गोण्या आणायच्या, पावसाळ्यात बांधापर्यंत पोचायचे. तेव्हा अश्वशक्ती जितकी जास्त तितकी गाडी दणकट, असे धरले जाते. कर्ज मात्र पुढे कित्येक वर्षे फेडावे लागते. माझ्या मते या चर्चेत नववी-दहावीच्या मुलामुलींनी जरूर तोंड घालावे. लागणारे बहुतेक विज्ञान त्यांना शाळेतच शिकवलेले असते.

जुन्या जीपचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने विलिसची जीप मुंबईत जुळवायला घेतली. नाशकात बोलेरो तयार करणारी कंपनी ती हीच. त्या युद्धकाळातल्या जीपचे इंजिन होते अवघे ६० अश्वशक्तीचे! आज शाळेसमोरून जाणाऱ्या पुष्कळ लहान मोटारी याहून शक्तिमान आहेत. मग ती जीप डोंगर कशी चढे?

उत्तर गिअरमध्ये आहे. इंजिनाचा पीळ, ज्याला गॅरेजवाले टॉर्क म्हणतात, फार तर साडेचौदा किलोग्रॅम-मीटर होता. पण पहिला गिअर, अवघड वाटेसाठी दिलेला जादा ‘लो’ गिअर आणि आसावरचा गिअर या तिहींमुळे इंजिनाच्या सुमारे साडेपंचवीस फेऱ्यांत चाकाची एकच फेरी होई. वेग तितक्या पटीने घटतो आणि पीळ तितक्या पटीने वाढतो. तरफेचाच हा नियम. आता १४.५ ला २५.५ ने गुणा आणि चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे ०.३५ मीटरने भागा. ओढ येते सुमारे १०५६ किलोग्रॅम. जीपचे स्वतःचे वजन होते ११०० किलोग्रॅमच्या आसपास! (गिअरच्या घर्षणात वाया जाणारा भाग येथे धरलेला नाही.)

पण एवढी ओढ जमीन घेईल का? समजा, पाच मीटर वाटेला एक मीटर उंची वाढते असा चढ आहे. ११०० किलोची जीप वर न्यायला २२० किलो ओढ हवी. वाट ओली आहे, घर्षणांक ०.४ धरू. वजन चारी चाकांवर सारखे आणि फक्त मागची दोन चाके फिरत असतील, तर पकड मिळते ५५० च्या ०.४ पट, म्हणजे नेमकी २२०. एखादा गोटा आडवा आला, की चाक जागीच गरगरेल. चारी चाके फिरवली तर पकड ४४० होते. हिशेब ढोबळ आहे, चढावर वजन थोडे मागे सरकते. पण मुद्दा कळतो. ‘फोर व्हील’ने इंजिन बळकट होत नाही, पकड वाढते.

म्हणूनच रिकामी पिकअप चिखलात घसरते आणि माल भरला की तीच चढून जाते. तिचे रिकामे वजन पुढे असते, चालणारी चाके मागे. जाणते ड्रायव्हर मागे दोन-चार गोण्या टाकतात, ते उगाच नव्हे.

ज्याच्या बागेच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता आहे, त्याने वर्षातल्या दहा चिखलाच्या दिवसांसाठी पुढचा आस आणि जादा गिअरपेटी यांचे वजन बाराही महिने वाहू नये. तो पैसा खोल नक्षीच्या टायरांत आणि शेवटच्या तुकड्यावर मुरूम टाकण्यात घालावा. सुरगाणा किंवा पेठकडच्या, पावसाळ्यात ओढा ओलांडून जाव्या लागणाऱ्या पाड्यावर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथे चारी चाकांची गाडी ही चैन नव्हे. रोग्याला दवाखान्यात तीच नेईल.

आणि उतरण्याचा विचार कोणी करतच नाही. अडीच टनांची भरलेली गाडी १०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे साडेचोवीस लाख जूल ऊर्जा कोठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळू लागेल. ती सारी ब्रेकवर टाकली तर कसारा घाटात ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा उचलते. गोण्या मर्यादेपेक्षा जास्त भरल्या, की हा हिशेब बिघडतो.

तेव्हा दुकानात अश्वशक्तीचा आकडा ऐकून थांबू नका. पीळ किती आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळतो, पहिल्या गिअरचे प्रमाण काय, माल किती चालेल आणि त्याचा भार कोणत्या आसावर पडतो, हे विचारा. उत्तरे वहीत उतरवून घ्या आणि रात्री वडिलांबरोबर बसून वरचा गुणाकार तुमच्या बांधाच्या चढासाठी करून पाहा.