७० टक्के कुठे जातात?
बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणारा माणूस खरं तर बिल्डरला भांडवल पुरवत असतो, आणि त्या भांडवलाचा हिशेब मागणं हा त्याचा हक्क आहे. हक्क तसा जुनाच. महाराष्ट्रात १९६३ च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्यातही ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती होती. पण तपासणारं कोणी नव्हतं. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या सौद्यात जात, आणि पहिल्या इमारतीच्या सळया पावसात गंजत राहत. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणाऱ्या कुटुंबांचे त्यात झालेले हाल विसरता येत नाहीत. २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानं नेमका इथेच हात घातला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवायचे आणि फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चायचे. काढायचे तेही काम जेवढं झालं तेवढ्याच प्रमाणात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांच्या दाखल्यांवर. शिवाय दरवर्षी लेखापरीक्षण. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. तरी दाखले देणाऱ्यांचं मानधन बिल्डरच देतो, हे दुखणं उरतंच, आणि त्यावर रेरा प्राधिकरणानं अधिक कडक नजर ठेवायला हवी. रोखीनं दिलेले पैसे तर या खात्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तेव्हा करार नोंदवण्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, आणि चेक करारात लिहिलेल्या खात्याच्या नावानंच काढा.