कालवडीचे वेत आणि अनुदानाची मुदत

गाय भरवल्यापासून संकरित कालवड जन्माला येण्यास सव्वानऊ महिने लागतात, ती स्वतः गाभण राहण्याच्या वयाला येईपर्यंत आणखी दीड-पावणेदोन वर्षे जातात, आणि तिचे पहिले वेत होऊन धारेचे पहिले दूध शेतकऱ्याच्या चरवीत पडते तेव्हा, मध्यंतरी दुष्काळ, आजार वा वैरणीची टंचाई यांपैकी काहीही ओढवले नाही असे गृहीत धरले तरी, तीन-सव्वातीन वर्षे उलटून गेलेली असतात. हा निसर्गाचा हिशेब असून त्यात कोणाच्याही शिफारशीने सूट मिळत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. परंतु त्या निधीतून चालणाऱ्या प्रकल्पास, आरंभाचे आर्थिक वर्ष वगळता, तीन वर्षांहून अधिक मुदत नियमाने देता येत नाही. म्हणजे कालवडीच्या कासेत दूध उतरण्याच्या सुमारास तिच्या जन्मास कारण झालेल्या प्रकल्पाचे दप्तर गुंडाळले जाते. एखाद्या प्रदेशाचा आर्थिक विकास संशोधनाच्या आणि सहकार्याच्या बळावर घडवू पाहणाऱ्या धर्मादाय संस्थांपुढील खरी अडचण पैशाच्या तुटवड्यापेक्षा या विसंगतीत आहे, असे माझे मत आहे.

ज्या संस्थेच्या कार्यावरून हे मत बनले ती पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे उदयास आली. १९४६ च्या मार्च महिन्यात गांधीजी निसर्गोपचाराच्या प्रयोगासाठी त्या गावी येऊन राहिले आणि परतताना सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावच्या मणिभाई देसाई नामक पंचवीस वर्षांच्या तरुणावर तेथील काम सोपवून गेले. मणिभाईंनी उर्वरित आयुष्य त्याच परिसरात वेचले. तेथील निसर्गोपचार आश्रमाच्या गोशाळेत गीर गाईंचे संगोपन करता करता त्यांच्या ध्यानात आले की, कोरडवाहू मुलखातील अल्पभूधारकापाशी जमीन वाढवण्याचा मार्ग नसला तरी दावणीची एक गाय असते, आणि त्या गाईचे दूध वाढवणे हा त्याच्या संसारात रोकड आणण्याचा सर्वांत जवळचा उपाय आहे. १९६७ मध्ये त्यांनी ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ स्थापन केले. लोक या संस्थेला ‘बायफ’ म्हणून ओळखतात. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

संशोधनाचा भाग प्रयोगशाळेत संपत नव्हता, किंबहुना तो तेथे सुरूच होत होता. होल्स्टीन व जर्सी वळूंचे रेत उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून वर्षानुवर्षे टिकवता येते, हे शास्त्र जगात आधीच सिद्ध झाले होते. परंतु गाईचा माज जेमतेम बारा ते अठरा तासांचा असतो, आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तिला चालवत नेण्यात शेतकऱ्याचा दिवस व गाईची वेळ दोन्ही हातची जात, हा प्रश्न कोणत्याही विद्यापीठीय प्रबंधाने सोडवलेला नव्हता. नायट्रोजनचे पात्र घेऊन प्रशिक्षित माणसानेच शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत जावे, गाय गाभण राहिली की नाही याची तपासणी पुढेही करावी, जन्मलेल्या वासरांची नोंद ठेवावी आणि त्या नोंदी पुन्हा संशोधकाकडे याव्यात, अशी व्यवस्था बायफने बसवली. ती आज साधी वाटते, इतकी ती रुळली आहे.

या व्यवस्थेचा खर्च आरंभी कोणी उचलला, हे पाहणे उद्बोधक आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या सभासदांच्या गावांत अशी केंद्रे चालवण्यास साहाय्य केले. त्या कारखान्यांच्या जन्मकथेतही अभ्यास आणि व्यवहार यांची सांगड होतीच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्याच संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरा कारखान्याचे अध्यक्ष झाले. प्राध्यापकाने कारखान्याच्या ताळेबंदावर सही करावी, हे आजच्या विद्वानांस कदाचित कमीपणाचे वाटेल! कारखान्यापाशी गावोगावची पत होती आणि शेतकरी त्याचा सभासदच होता. शिवाय ऊस जसा यंदा लावला तर पुढच्या हंगामात तुटतो, तसे गाईचे नसते, हे त्याच्या संचालकांना सांगावे लागत नव्हते, कारण बहुतेकांच्या घरी गोठा होता. भागीदार निवडताना देणगीच्या आकड्यापेक्षा हा समज अधिक मोलाचा ठरतो.

दुसरा दाखला गुजरातेतील वांसदा भागाचा. १९८२ पासून तेथील आदिवासी कुटुंबांच्या एकेक एकर उताराच्या जमिनीवर आंबा व काजूची कलमे, कडेने वनझाडे, मधल्या जागेत भात-नागली-कडधान्ये आणि माती-पाणी अडवण्याची बांधबंदिस्ती अशी ‘वाडी’ बायफने उभी केली, तिच्याभोवती फळप्रक्रियेची सहकारी संस्था उभी राहिली, आणि १९९५ पासून नाबार्डने जर्मनीच्या विकास बँकेच्या साहाय्याने तोच नमुना मोठ्या प्रमाणावर हाती घेऊन पुढे महाराष्ट्रातही आणला. कलमाला विकण्याजोगी फळे धरण्यास चार-पाच वर्षे लागतात. प्रयोगापासून शासनमान्य कार्यक्रमापर्यंतचे अंतर तेरा वर्षांचे होते. त्या तेरा वर्षांत दर तिसऱ्या वर्षी कोणी ‘फलनिष्पत्ती’चा तक्ता मागून निधी थांबवला असता, तर वाडीचे काय झाले असते, याची कल्पना करता येते.

या कार्यात दोष नव्हते असे नाही. संकरित बैलाला वशिंड जवळजवळ नसते आणि तो उन्हात लवकर दमतो, त्यामुळे शेतकऱ्यास तो नकोसा होतो. खिलार, डांगी यांसारख्या स्थानिक जातींकडे दुर्लक्ष झाले, हा आक्षेपही सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि दोष ओळखून दिशा बदलण्यासही संस्था त्या प्रदेशात टिकून असावी लागते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावरान बियाण्यांच्या संग्रहास पुढे बायफचीच साथ लाभली आणि २०२० मध्ये राहीबाईंचा पद्मश्रीने गौरव झाला; ज्या संस्थेची ख्याती संकरावर उभी होती, तिने मूळ वाणांच्या रक्षणात हात द्यावा, हे दीर्घ सहवासाविना घडत नाही.

तीन वर्षांची मुदत संपली तरी तेच काम नवा प्रकल्प म्हणून पुनश्च मंजूर करून घेता येते, असा युक्तिवाद केला जातो, आणि कागदावर तो खराही आहे. परंतु दोन मंजुऱ्यांमधल्या सहा महिन्यांत केंद्रावरचा माणूस दुसरी नोकरी शोधतो, नायट्रोजनचा पुरवठा खंडित होतो, आणि माजावर आलेली गाय गावच्या वळूकडे नेली जाते. शिवाय अल्प मुदतीमुळे यशाचे मापही बिघडते. किती गाई भरवल्या हा आकडा पहिल्याच वर्षी देता येत असल्याने अहवालात तोच ठळक छापला जातो; किती कालवडी दुधात आल्या आणि घरखर्चाला किती रुपयांचा हातभार लागला, हा आकडा चौथ्या वर्षी येतो, तेव्हा विचारणारा उरलेला नसतो.

माझी सूचना मर्यादित आहे. पशुधन, फळबाग आणि जमीन-पाण्याची कामे यांपुरती प्रकल्पाची मुदत सात वर्षे करावी, रक्कम हप्त्याने द्यावी, मोठी तपासणी चौथ्या वर्षाअखेर घ्यावी आणि तीत दुधात आलेल्या कालवडी व फळावर आलेली कलमे मोजावीत. एकूण खर्चातील काही हिस्सा साखर कारखान्याने, दूध संघाने वा जिल्हा बँकेने उचलणे अनिवार्य करावे, म्हणजे स्थानिक जबाबदारीही राहील. प्रकल्पाच्या मुदतीची व्याख्या कायद्याच्या कलमात नसून नियमांत आहे, सबब ती बदलण्यास संसदेचे अधिवेशन लागत नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाची एक अधिसूचना पुरेशी आहे.